कॉम्प्युटरवरची फवारणी

२ एप्रिल, बुधवार

कॉम्प्युटर चालू केला की एक बाई हिंदीत ओरडती. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात हाय म्हणे, ताबडतोब फोन करा. कांद्याचा भाव बघायला बसलो तर जुगाराची जाहिरात. ती बंद केली तर आणखी दोन उघडल्या. डोकं सटकलं.

हे सगळं मुजीबच्या पेनड्राईव्हनं केलंय. आमच्या पोरीनं, तेजूनं, त्याच्या फोटो स्टुडिओतनं आणला, तो लाल पेनड्राईव्ह अजून मागं खोचलेला हाय. मी टाकलेल्या मोफत बाजारभावच्या प्रोग्रामवर संशय घ्यायचं कारणच न्हाई. तो भाव दाखवतो.

निश्चय: तेजू १२ तारखेला हॉस्टेलवरनं येणार. त्याच्या आत स्वतः साफ करायचा. कुणाच्या पाया पडायचं न्हाई.

३ एप्रिल

तेजूचा फोन. आप्पा, कशालाही हात लावू नका, न्हाईतर मुजीबकाकांना दाखवा, म्हणाली. कॉम्प्युटरात तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाय, १५ ला द्यायचाय. आपल्याच कांद्याचे फोटो. मुजीबचा कॅमेरा मागून आणून लागणीपासून काढणीपर्यंत काढले. दरवेळी कार्ड रिकामं करून कॅमेरा त्याला परत. अर्ध्या वावरात मी दोन औषधं मिसळून मारली, अर्ध्यात तिनं एकच. मिसळल्यानं नुकसान होतं हे तिला दाखवायचंय. बापाला खोटं पाडायला शेतकी कॉलेजात घातली!

हात लावू नका म्हणे. पाण्यातली मोटर बिघडली की कोण उघडतं या घरात?

५ एप्रिल

फुकटातला अँटीव्हायरस टाकला. पडदा भरून किडी दाखवल्या, मारली एकही न्हाई. एका औषधानं कधी काय मरतं का? आणखी दोन टाकले. तिन्ही एकदम चालू केले.

६ एप्रिल

तिन्ही एकमेकांनाच व्हायरस म्हणायला लागले. माऊस हलत न्हाई. बाई मात्र ठणठणीत. सरूबाई म्हणाली, मुजीबभाईंना बोलवा की. बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, माझ्यावर काय ओरडताय, त्या बाईवर ओरडा. बाईवरही ओरडलो.

८ एप्रिल

स्टँडवर मुजीब भेटला. चार माणसांत झाडला. तुझ्या दुकानातली घाण माझ्या घरात आली म्हणालो. तो म्हणाला, बापूसाहेब, पेनड्राईव्ह कोरा होता, पोरीसमोरच पाकीट फोडलं. वर चहा घ्या म्हणतोय! घेतला न्हाई. निर्लज्ज.

घरी येऊन पेनड्राईव्ह उपटला. रोगट झाड उपटून बांधावर ठेवायचं नसतं, जाळायचं असतं. अंघोळीच्या बंबात टाकला. कसला घाण वास सुटलाय, असं सरूबाईनं विचारलं. बंबात आणखी दोन लाकडं सारली. शेतीतलं बायकांना कळत न्हाई.

१० एप्रिल

बाई अजून बोलतीय. आता फॉरमॅटच. व्हिडिओतला पोरगा म्हणाला, आधी बॅकअप घ्या. घेतला. मी काय अडाणी हाय? तेजूच्या फोल्डरची दुसरी कॉपी काढून शेजारीच ठेवली, त्याच कॉम्प्युटरात. एक गेली तरी दुसरी हाय. मग सगळं काढून टाका, हे बटण दाबलं. नक्की का, म्हणून विचारतो. मला! दाबलं.

११ एप्रिल

बाई गेली! कॉम्प्युटर नुसता पळतोय. सरूबाईला बोलावून दाखवला. तेजूचे दोन्ही फोल्डर दिसत न्हाईत, येतील हळूहळू. आठवणीनं बाजारभावचा प्रोग्राम परत टाकला.

संध्याकाळी बाई परत आली. मुजीबची घाण लई चिवट.

१२ एप्रिल, शनिवार

तेजू आली. बॅग खाली न ठेवताच कॉम्प्युटरपुढं बसली. बराच वेळ शोधलं. मला वाटलं आता भांडणार, म्हणून मी आधीच आवाज चढवला. पण ती म्हणाली, असू द्या आप्पा, सगळे फोटो पेनड्राईव्हवरही ठेवलेत, त्यासाठीच तर काकांकडनं नवा आणला होता. आन् कॉम्प्युटरच्या मागं हात घातला.

हात तसाच फिरवत राहिली. कुठं ठेवलाय, असं विचारलं. सरूबाईनं बंबाकडं बघितलं. बायकोला आजच सगळं कळायचं होतं.

१५ एप्रिल

कांदा निघालाय, वावर मोकळं. फोटो आता कशाचे काढणार? तेजूचं वर्ष गेलं. सरांनी पुढच्या हंगामात परत करायला सांगितलंय. माझ्याशी बोलत न्हाई. आईकडनं निरोप आला: पुढच्या लागणीला अर्धा एकर तिचा. दोन्हीकडची फवारणी, मिसळलेली आन् एकेरी, तीच करणार. मी बांधावरही यायचं न्हाई.

बरं म्हणालो. माझ्याच वावरात!

दुपारी मुजीब आला. मी बोलावला नव्हता. तेजूनं बोलावला. स्टँडवरचा विषय त्यानं काढला न्हाई, याचाच जास्त राग आला. बाजारभावचा प्रोग्राम तेवढा काढला, रोग त्यातच होता म्हणे. सरूबाईनं त्याला चहा दिला. मला विचारलं न्हाई.

तेजू संध्याकाळच्या एसटीनं गेली. येते म्हणाली, पण आईला.

कॉम्प्युटर लावून बसलो. एकदम स्वच्छ. आत काहीच न्हाई. बराच वेळ बसलो, पण ती बाईसुद्धा बोलली न्हाई.