निवृत्तीचं माझं मी बघेन

५ फेब्रुवारी

मालकांनी आज केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. तेव्हाच ओळखलं! मालक चहा पाजतात तो दोनच वेळा – माणसाला ठेवताना नाहीतर काढताना. "काढत नाही हो," म्हणाले, "पण वय झालं की नियम सगळ्यांना सारखा. ऑगस्टअखेरपर्यंत आहात." मग माझ्याकडे न बघता, "आणि आता कवळ्या मशीनच बनवतंय. बघताच तुम्ही."

बघते ना! मशीनचे दात कवायतीला उभे केल्यासारखे. खऱ्या माणसाच्या तोंडात एखादा दात जरा तिरका असतो, एखादा किंचित पिवळट. ते सगळं मी मेणात हाताने आणते. जन्म गेला त्यात. जाऊ दे.

घरी येऊन धाकटीला सांगितलं. ती नुकतीच तलावावरून आली होती, केस ओले, अंगाला क्लोरीनचा वास. दिवसभर पोरांना पोहायला शिकवते, त्यामुळे घरातही काठावरून बोलल्यासारखी ओरडते. "अगं ताई, सुटलीस की!" मग माझं तोंड बघून आवाज खाली आणला. "पैशांचं काय करणार आहेस? कुणाला तरी विचार. हल्ली त्याचे सल्लागार असतात."

सल्लागार! आई-बाबा गेल्यावर हे घर कुठल्या सल्लागाराने चालवलं? हिचं शिक्षण, घराचे हप्ते, छताची गळती – सगळं मी निस्तरलं. म्हटलं, "माझं मी बघेन."

ती टॉवेल डोक्याला गुंडाळून आत गेली.

९ फेब्रुवारी

आमचे घासूमास्तर. कवळ्यांना पॉलिश करतात म्हणून हे नाव, आता त्यांचं खरं नाव त्यांनाही आठवत नसेल. गेल्या वर्षी निवृत्त झाले, हार-तुरे झाले, आणि काही महिन्यांत परत चाकापाशी येऊन बसले. आम्हाला वाटलं घरी करमत नाही. आज डबा खाताना खरं बोलले.

"साडूने सांगितलं तिथे पैसे टाकले. गेले."

"साडूचं का ऐकलंत?"

"टाय लावायचा हो."

दोघंही हसलो. मग ते हसायचे थांबले. "विचारायचं तर ज्याचं ते काम आहे त्याला विचारा, बाई. मी फी वाचवायला गेलो."

१० फेब्रुवारी

मास्तर दुसऱ्याचं ऐकून बुडाले. मी कुणाचंच ऐकलं नाही तर बुडायचा प्रश्नच नाही – काल हे फार हुशारीचं वाटलं होतं. आज तितकंसं नाही.

२२ फेब्रुवारी

झाला! आराखडा तयार. भला मोठा कागद आणला, पट्टीने रेघा मारल्या. हे घर विकायचं. डोंगराच्या पायथ्याशी ते गाव आहे – एकदा दोघी सुट्टीत गेलो होतो – तिथे दोन खोल्या आणि अंगण. माझं पेन्शन, माझी शिल्लक, धाकटीची शिल्लक, नंतर तिचंही पेन्शन. सगळं बसतंय. पुन्हा पुन्हा तपासलं, तरी बसतंय!

धाकटीला दाखवला. उभ्याउभ्याच बघितला तिने. "अक्षर काय सुंदर आहे तुझं," म्हणाली.

"अक्षर नाही, मजकूर बघ."

"बघितला." कागद माझ्या हातात देत, "ताई, एकदा त्या सल्लागारांकडे जाऊन ये. माझ्यासाठी."

तिच्यासाठी जाईन. मला गरज नाही.

१ मार्च

जाऊन आले. आणि संतापले आहे!

चपलांच्या दुकानाच्या वर ऑफिस, जिन्यातच रबराचा वास. मला वाटलेलं कुणी सुटाबुटातला साडू असेल. निघाली धाकटीच्या वयाची एक बाई, सर्दीने नाक लाल झालेलं, शेजारी रुमालांचा ढीग. बसल्याबसल्या सांगितलं, "मी काही विकत नाही. बोलण्याची फी घेते, बस." हे बरं वाटलं.

कागद शांतपणे वाचला. "हिशेब चोख आहे," म्हणाल्या. मी फुगले. "दोन गोष्टी राहिल्यात. आजारपण धरलं नाहीत."

"मी आजारी पडत नाही."

"आणि चहापत्तीचा आजचा भाव पुढची वीस वर्षं तोच राहील असं धरलंय."

हे मात्र खरंच राहिलं होतं. मान्य केलं. मग त्यांनी बोट ठेवलं एका शब्दावर. "यातल्या 'दोघी' कोण?"

"मी आणि माझी धाकटी बहीण."

"त्यांना हे गाव पसंत आहे?"

"तिला काय विचारायचं? लहानपणापासून तिचं सगळं मीच बघत आलेय."

"वय काय त्यांचं?"

"त्रेपन्न."

बाईंनी नाक शिंकरलं फक्त. पण असं शिंकरलं की मी उठलेच! दारात पोचले तर म्हणतात, "पुढच्या वेळी त्यांना घेऊन या." पुढची वेळ कसली! फी मात्र घेतली.

२ मार्च

आमच्या घरातलं त्या बाईला काय कळतं?

४ मार्च

धाकटीने विचारलं, काय म्हणाल्या. म्हटलं, हिशेब चोख आहे म्हणाल्या. खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही.

७ मार्च

आज विचारलं. धाकटी भांडी पुसत होती, मी लावत होते. असं काही बोलायला ते बरं असतं, तोंडाकडे बघावं लागत नाही.

"तुला ते डोंगराजवळचं गाव आवडतं ना?"

पुसणं थांबलं. "ताई, तिथे पोहायला कुठे आहे?"

इतकी वर्षं पाण्यात घालवलेलं माणूस. तिला मी अंगणात खुर्ची टाकून बसवायला निघाले होते.

मग हळूहळू बाहेर आलं. समुद्राकाठी एक शाळा आहे, ज्या मुलांना धड चालता येत नाही त्यांची. पाण्यात त्यांना हलता येतं. त्यांना शिकवणारं माणूस हवंय. राहायला खोली देतात. दोनदा विचारलं त्यांनी हिला, दोनदा ही नाही म्हणाली.

"का?"

"तू एकटी पडशील म्हणून."

"मी? अगं, तू एकटी पडशील म्हणून मी हे सगळं... मला तर तो डोंगर बघूनच गुडघे दुखतात! तुला मोकळी हवा मिळावी म्हणून निवडलं मी ते गाव!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आधी ती हसली, मग मी. इतकं हसलो की तिला खाली बसावं लागलं. आणि मग, कसं कोण जाणे, मी रडायला लागले. ती ओल्या फडक्यानेच माझे डोळे पुसत होती. "ताई, अगं ताई." पोरांना पाण्यात धरते तसं धरलं तिने मला.

८ मार्च

वर्षानुवर्षं एका छताखाली राहून हे एका परक्या बाईने, नाक शिंकरून, विचारावं!

२१ मार्च

दोघी गेलो. बाईंची सर्दी गेली होती. मी आधीच सांगून टाकलं, "मागच्या वेळी रागावून गेले."

"बरेच जण जातात," म्हणाल्या. "परत थोडे येतात."

दोन घरांचा हिशेब मांडला. बेताने राहिलं तर पुरतंय. आमचं हे घर विकायचं नाही. सगळी शिल्लक एकाच ठिकाणी होती, ती विभागायची. आजारपणाचे पैसे वेगळे. मी सारखी मध्येमध्ये प्रश्न विचारत होते, त्या न कंटाळता सांगत होत्या. एकदा त्यांची बेरीज चुकली, ती मी पकडली! "बघा, तुमचं तुम्हीच बघायचंय," म्हणाल्या. "मी फक्त वर्षातून एकदा शेजारी बसेन." हे पटलं. कधीकधी एवढंच लागतं – कुणीतरी शेजारी बसणं.

शेवटी दोघींना एकेक कोरा कागद दिला. "निवृत्तीनंतरचा एक साधा दिवस लिहा. सण नाही, प्रवास नाही. साधा."

धाकटीने कागद भरला, उलटला, मागेही लिहिलं. मी लिहिलं – सकाळी उठते. चहा करते.

पुढे काही सुचेना. दोघींसाठी विचारा, अख्खा आराखडा देईन. एकटीचा दिवस मला माहीतच नाही!

बाईंनी कागद घेतला नाही. "पुरेल की नाही ते मी सांगू शकते. हे मी नाही लिहू शकत. असू दे तुमच्याकडे."

३० मार्च

धाकटीने शाळेला होकार कळवला. सप्टेंबरपासून. कळवून आली आणि माझ्याभोवती घुटमळत राहिली, चूक केल्यासारखी. म्हटलं, "पेढे नाही तर निदान काहीतरी गोड आण की!" पळत गेली. त्रेपन्न वर्षांची बाई, पळत!

नंतर तिच्या खोलीत गेले. पलंग, पोहण्याच्या शर्यतींची पदकं. ही खोली रिकामी होणार. मी एक पदक पदराने पुसलं आणि बाहेर आले.

१४ मे

आज काहीतरी झालं.

आम्ही दवाखान्यांसाठी कवळ्या बनवतो. डॉक्टर जबड्याचा साचा पाठवतात, आम्ही कवळी पाठवतो. माणूस दिसतच नाही. आज एक आजीबाई काठी टेकत थेट आमच्याकडे आल्या. त्यांची डॉक्टरीण फिरतीवर गेलेली, आणि नवी कवळी टोचत होती. मालकांना घाम फुटला – आपल्याकडे पेशंट येत नाहीत, वगैरे. आजीबाई ऐकताहेत कशाला! बसल्याच.

मी बघितलं. माझंच काम. डॉक्टरणीने जुना फोटो पाठवला होता, त्यावरून पुढचा एक दात जरासा आडवा बसवला होता मी. थोडं घासून दिलं. त्यांनी ती तोंडात घातली, आरशात बघितलं आणि हसल्या.

माझे दात एखाद्या चेहऱ्यात मी पहिल्यांदा बघितले. पहिल्यांदा! इतक्या वर्षांत!

"हा माझाच दात आहे," आजीबाई म्हणाल्या. "आमचे हे होते तेव्हाचा." आणि माझा प्लास्टरने माखलेला हात धरला. मग लगेच, "डावीकडे अजून टोचतंय हं."

मास्तर चाक बंद करून बघत होते. त्यांनीही कुणाला बघितलं नव्हतं कधी.

१७ मे

आजीबाईंची डॉक्टरीण आभार मानायला आली. तरुण, फार भराभर बोलते. ती फिरता दवाखाना चालवते, एका मोठ्या गाडीतून, जिथे डॉक्टर पोचत नाही अशा वस्त्यांवर. लोकांच्या कवळ्या तुटलेल्या असतात, सैल झालेल्या असतात. जागच्या जागी दुरुस्त करणारं कुणी मिळत नाही. धक्के खात जायचं, महिनोन्महिने घर नाही, पगार नावाला.

"तुमच्या ओळखीत कुणी आहे का?" तिने विचारलं.

म्हटलं, विचारते.

२ जून

डॉक्टरणीचा फोन. कुणी मिळालं का? म्हटलं, अजून नाही.

खरं तर कुणालाच विचारलेलं नाही. का, ते कळत नाही.

११ ऑगस्ट

सल्लागारबाईंकडे शेवटच्या सह्या झाल्या. उठताना मी सहज विचारलं, "समजा एखाद्या माणसाने निवृत्तीनंतर नावापुरत्या पगाराचं काम धरलं. मूर्खपणाच ना?"

"त्या माणसाला पगारावर जगायचंय?"

"नाही. तिचं भागतंय."

"मग तिने इतकी वर्षं पैसे कशासाठी साठवले?"

जिना उतरले, चपलांच्या दुकानासमोर उगाच उभी राहिले. आत गेले आणि जाड तळव्याचे बूट घेतले. धाकटीने विचारलं तर म्हटलं, सेल होता.

३१ ऑगस्ट

शेवटचा दिवस. मालकांनी भाषण केलं, मध्येच अडकले. घासूमास्तरांनी माझी मेण कोरायची हत्यारं चकचकीत पॉलिश करून दिली. "घरी काय करणार यांचं?" मालक म्हणाले. मास्तर माझ्याकडे बघून नुसते हसले. त्यांना कसं कळलं?

४ सप्टेंबर

अक्षर हलतंय, गाडी हलतेय. धाकटी पुढच्या आठवड्यात समुद्राकडे जाणार, तिला निरोप द्यायची किती तयारी केली होती मनाची. आणि आज सकाळी फाटकात ती उभी होती, रडत, ओरडत, दोन्ही हात हलवत – आणि निघाले होते मी!

डॉक्टरीण म्हणते, पहिल्या वस्तीवर माणसं सकाळपासून वाट बघत बसलीत. पोचलोच. ठेवते.