रिकामी लिहिलेली जमीन

१२ जून
भामाकाकूची मेंढरं कोकणातनं परत आली. काकू सकाळीच दारात. चहा घेतला, मग म्हणाली, "सुनंदा, गायरानात चुन्याच्या खुणा कुणी मारल्या?"
सांगितलं. सौर प्रकल्प येतोय, पॅनल बसणार, आपल्या कळस गावच्या शेतीपंपांना दिवसा वीज मिळणार. ग्रा.पं. सदस्य म्हणून समितीत मी पण आहे.
"मग आमी मेंढरं कुठं न्यायची?"


१३ जून
समितीच्या जागापाहणीचा कागद काढून बघितला. 'सध्याचा वापर' पुढं माझ्याच अक्षरात: रिकामी. फेब्रुवारीत गेलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं, खरं. पण दिवाळी झाली की काकू कळप घेऊन कोकणात जाते, हे लग्न होऊन आल्यापासून बघतेय. तरी लिहिलं.

१५ जून
काकूला त्या कागदाचं सांगितलं, मग तिच्याबरोबर सगळं गायरान फिरले. खालच्या अंगाला ओल टिकते, गवत तिथंच. वर नुसता मुरूम, मेंढरू तोंड लावत नाही. ओढ्याकडं जायची वाट, कोकरं बसवायची बाभळ. ती दाखवत होती, मी वहीत काढत होते. असं का लिहिलंस, एकदाही विचारलं नाही. उलट निघताना म्हणते, "उन्हात लई फिरवलं तुला."
ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. पण बरं वाटलं. फार बरं.

२० जून
घरी सांगितलं: पॅनल वरच्या अर्ध्यातच बसवा, असं ग्रामसभेत मांडणार. संजय भाऊजी, माझे धाकटे दीर, ताट पुढं सारून म्हणाले,
"वहिनी, दिवसा वीज पायजे म्हणून आपणच सह्या गोळा केल्या. अर्ध्या जागंत अर्धेच पंप चालणार. उसाला रात्रीचं पाणी धरायला मलाच जावं लागतंय."
खोटं नाही त्यांचं. परवाच्या उन्हाळ्यात सापावर पाय पडता पडता वाचले.

१५ ऑगस्ट
ग्रामसभा. उभी राहिले, "कागदात चूक माझी आहे," म्हटलं. पुढचं पाठ केलेलं सगळं विसरले. मागून कुणीतरी, "बाईंना आता मेंढरांची मतं पायजेत." हशा. सरपंच तात्या म्हणाले, "बोलू द्या त्यांना." त्या एका वाक्याचे उपकार आहेत.
मग काकू बोलली, माईक न घेता. "वीज नको आसं मी म्हणत न्हाय. मोबाईल मला बी चार्ज करावा लागतो. इचारलं आसतं तर जागा मीच दावली आसती."
ठराव: वरचा अर्धा भाग पॅनलला, खालचा चराईला, ओढ्याची वाट मोकळी. राहिलेल्या पंपांसाठी दुसरी जागा शोधायची. बरेच हात वर. भाऊजींचा नाही.
सभेहून आल्यापासून घरात कामापुरतं बोलणं.

३ सप्टें.
भाऊजींनी सकाळी टेप मागितला. कशाला, ते नाही सांगितलं. भाकरी घेऊन मी रानात गेले तर भाऊजी आमच्या शेताच्या टोकाची खडकाळ पट्टी मोजत होते. तिथं ऊस कधी आलाच नाही. टेपचं दुसरं टोक धरून काकू उभी.
"ही पॅनलला भाड्यानं घेत्यात का, इचारा इंजिनिअरला." भाऊजी एवढंच बोलले.
मी पाण्याच्या मोटारीवर जाऊन तोंड धुतलं. दोघांनाही कळलं असणार.

१० ऑक्टो.
इंजिनिअर येऊन गेले. पट्टी सबस्टेशनपासून लांब पडते म्हणाले. जमेलच असं नाही, वर विचारून कळवतो. भाऊजींनी त्यांना जेवायला थांबवलं. वाढताना मला म्हणाले, "तुमी पण बसा, वहिनी."

१२ नोव्हें.
इंजिनिअरचा फोन नाही अजून. आज काकूचा कळप निघाला. सामान घोड्यावर, कोंबड्या वर बांधलेल्या. भाऊजी रस्त्यापर्यंत सोडायला आले, ज्वारीची पिशवी घेऊन.
काकू म्हणाली, "काय ठरलं तर फोन लाव. घाटात रेंज नसती. पण दोनदा लाव."
दोनदा लावीन म्हटलं.