ड्रुकरबाईंचं जहाज

प्रिय येल्मर,

लिलाववाल्यांचं ते गुळगुळीत पुस्तक पोचलं. जहाजाच्या चित्राखाली तू छापून आणलंस, ‘पहिल्यापासून हार्लिंगनच्या एकाच कुटुंबाकडे.’ वा रे पठ्ठ्या! एवढं शिकलास ते असलं धडधडीत खोटं लिहायला? रिंस आजोबाने मरताना तुझ्या नावावर केलं म्हणून ते तुझं होत नाही. माझा सख्खा भाऊ तो, पण त्याचंही नव्हतं. हे बोलले म्हणून तर त्याने मला उंबरा बंद केला होता.

चित्र शेजारच्या ड्रुकरबाईंचं. ज्यू म्हणून जर्मन त्यांना न्यायला येणार, तेव्हा त्यांनी ते माझ्या बापाच्या हाती दिलं. “परत येईपर्यंत सांभाळा, भाऊ.” बाप म्हणाला, “जिवापाड.” तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं, तेवढं मी मानते.

युद्ध संपलं. बाई परतल्या त्या नुसता हाडांचा सापळा. सोबत धाकटी लेक लीन. नवरा, मुलगे सगळे गेले. त्या गल्लीत शिरताना दिसल्या आणि बापाने भरदुपारी पडदे ओढले. दार फटीएवढं उघडून म्हणाला, “कसलं चित्र? इथे काही नाही.” बाई आल्या पावली परत गेल्या. पण आपल्याकडे दिवसा पडदे ओढतात ते घरात मढं असलं तरच! समोरची आउक्ये काळे कपडे घालून हजर.

“कोण गेलं गं, हिल्त्ये?”

“कोणी नाही, काकू.”

“मग पडदे कशाला मेले?”

आत आली, भिंतीवरचं जहाज बघितलं, काय ते उमगलं तिला. आईने कॉफीबरोबर एकाऐवजी दोन बिस्किटं पुढे केली, तीही रेशनची. मागोमाग सगळी गल्ली सांत्वनाला आली, दोन-दोन खाऊन गेली. कोणी ब्र काढला नाही. दोन बिस्किटांत विकली गेली मेली!

परवा ग्रोनिंगनला जाऊन लीनला गाठलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, “ताई, आई मरेपर्यंत म्हणायची, छावणीत माझं डोकं फिरलं, मीच दार चुकले असेन.”

चित्र तर तू लीनला देशीलच. नाहीतर कान धरायला मी येतेच, त्यासाठी कागद खराब केला नसता. लिहिते ते त्या पुस्तकापायी. तिथे दुरुस्ती छाप. माझ्या बापाचं नाव घाल, आपली गल्ली घाल, घराचा आकडा घाल. बाई दार चुकल्या नव्हत्या, हे लीनला छापलेलं हवंय.

तुझीच,
हिल्त्ये आजी