तीन आरसे आणि एक मदरबोर्ड

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते. तुझी पाठ आता कशी आहे? वहिनीचा खोकला गेला का? (गेला नसेल तर तू घरात जरा हळू बोलत जा. तुझ्यावर आवाज चढवता चढवता तिचा घसा बसतो, हे मी तीस वर्षं सांगते आहे.) फोन सोडून पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि पत्राच्या मध्ये कुणाला बोलता येत नाही.

तर मुद्द्याचं. यांना निवृत्त होऊन चौदा महिने झाले. उभा जन्म लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस, गुडघ्यांनी दगा दिल्यावर दिवसभर खिडकीत बसून समोरच्या गल्लीत लोक गाड्या कशा लावतात ते बघत बसायचा. आधी मोठ्यानं शेरे मारायचे, मग पुटपुटायचे, आणि नंतर तर तेही बंद झालं. दादा, समोर एकानं गाडी तिरकी लावून दुसऱ्याचं दार अडवलं आणि हे नुसते बघत राहिले, तेव्हा मी हातातलं शिवण खाली ठेवलं. त्याच सुमारास भाऊजींनी (यांचे धाकटे भाऊ, फोटो स्टुडिओवाले) मोबाइलवर दाखवलं की कॉम्प्युटरवर बस चालवायचा खेळ असतो. खरंखुरं स्टिअरिंग जोडायचं, पायाखाली ब्रेक, समोर घाट, मागे प्रवासी, सगळं. यांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि चौथ्यांदा म्हणाले, "यानं वळणावर क्लच दाबला. गाढव आहे." तीन आठवड्यांतला तो पहिला शेरा! मी तिथल्या तिथे ठरवलं, हे यंत्र घरात आणायचं. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर नुकतीच हातावेगळी झाली होती, त्यामुळे कुणापुढे हात पसरायचा प्रश्न नव्हता. स्टिअरिंग भाऊजींनी दिलं. ते मी माझ्या कापड बेतायच्या टेबलाला शिकंज्यानं आवळून टाकलं.

मग मी तुला फोन केला, आठवत असेल. ज्या पट्टीवर सगळे भाग बसतात तो मदरबोर्ड आणि जे पडद्यावर चित्र काढतं ते ग्राफिक्स कार्ड, यांपैकी पैसे कुठे ओतायचे एवढंच मी विचारलं होतं. तू पाऊण तास पायाभरणीवर बोललास. पाया भक्कम हवा, पायात कंजुषी केलीस तर वरचा मजला अंगावर येईल, वगैरे. चाळीस वर्षं इमारती उभ्या केलेल्या भावाचं ऐकायचं नाही तर कुणाचं? मी दुकानातला सगळ्यात महागडा मदरबोर्ड उचलला. त्यावर लोखंडी चिलखत होतं, सात रंगांचे दिवे होते, आणि आमच्या सात पिढ्यांत कुणी घेणार नाही अशा वस्तूंसाठी राखीव जागा होत्या. त्यानंतर जे पैसे उरले त्यांत ग्राफिक्स कार्ड आलं ते भाऊजींच्या तळहातात मावलं.

यंत्र सुरू झालं. म्हणजे आधी आवाज आला, चित्र मागाहून आलं. प्रवाशांना तोंडं नव्हती. पाऊस पडत होता, पण एक थेंब खाली पोचल्यावर दुसरा निघत होता. भाऊजींनी आधी सावल्या बंद केल्या, मग झाडं, मग पाऊस, आणि शेवटी आणखी काहीतरी बंद केल्यावर बस एकदाची पळायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर पाहिलं.

"आरसे कुठे गेले?"

"बंद केलेत. आरशात चित्र पुन्हा काढावं लागतं ना, कार्डाला ते झेपत नाही," भाऊजी म्हणाले.

"आरशाशिवाय मी गाडी डेपोबाहेर काढत नाही," असं म्हणून हे उठले आणि परत खिडकीत जाऊन बसले. माझ्या टाळ्या हातातल्या हातात राहिल्या. (दिवे मात्र झकास लागत होते. संध्याकाळभर भिंतीवर सात रंग फिरत होते आणि मी पाया बघत बसले होते.)

आता भाऊजींना जोर चढला. त्यांचं म्हणणं, जे दिसतं त्यातच पैसा घालावा, बोर्ड काय, कुठलाही चालतो. दुकानात सात दिवसांत वस्तू परत घ्यायची सोय होती, पण दुकानदार उघडलेला खोका बघून तोंड वाकडं करायला लागला. माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे नव्हतंच. त्याच्या पँटीचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं लांब होता, आणि शिंपिणीला एकदा असं काही दिसलं की दुसरं काही दिसत नाही. मी म्हटलं, घरात अशा किती आहेत? म्हणाला चार. चारी पँटी दुरुस्त करून देण्याच्या बोलीवर व्यवहार मिटला, आणि मी नवं कार्ड घेऊन घरी आले. दादा, ते कार्ड माझ्या मोठ्या कात्रीपेक्षा लांब आणि विटेएवढं जड होतं. कॅबिनेटचं, म्हणजे यंत्राच्या पेटीचं, झाकण लागेना, म्हणून ते पलंगाखाली सरकवलं. स्वस्तातला मदरबोर्ड त्याच्या वजनानं वाकायला लागला, तेव्हा मी काळ्या दोऱ्याचं जाडजूड रीळ खाली टेकू म्हणून उभं केलं. (तुझ्या धंद्यात याला खांब म्हणतात. बघ, काही शिकलेच ना तुझ्याकडून.)

पण आरसे आले! हे बसले, तिन्ही आरसे नीट लावून घेतले, आणि बस निघाली. आठ मिनिटं मी स्वर्गात होते. नवव्या मिनिटाला बसला उचक्या लागल्या, आणि पुलाच्या बरोबर मध्यावर सगळं यंत्र फट्कन बंद पडलं. पडदा काळा. भाऊजी वायरी हलवायला लागले, पण हे काही जागचे हलेनात. उजवा पाय ब्रेकवर तसाच दाबलेला. मी म्हटलं, अहो उठा आता, बंद पडलंय. तर म्हणाले, "प्रवासी आहेत ना आत. त्यांना सोडून कसा उठू?"

हसू नकोस. मी हसले नाही. मी यंत्र तसंच चादरीत गुंडाळलं, रिक्षात घातलं आणि दुकान गाठलं.

या वेळी दुकानदाराला बाजूला सारून मी थेट मागच्या खोलीत शिरले. तिथे एक बाई भिंग लावून कुठल्याशा यंत्राला डाग देत बसल्या होत्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं, दोऱ्याचं रीळ बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घर झोपडीचं, आणि पाहुणा जहागीरदार आणलात की हो." मग त्यांनी मला तीन प्रश्न विचारले, जे तोवर कुणीच विचारले नव्हते (तूसुद्धा). खेळ कुठला? पडदा केवढा? आणि पुढे यात आणखी काही घालणार आहात का? मी उत्तरं दिली. त्या म्हणाल्या, चित्र काढायचं काम कार्डाचं, बोर्ड कितीही महाग घ्या, तो एक झाडसुद्धा जास्त काढणार नाही. बोर्डाचं काम सगळ्यांना धड बसायला जागा द्यायची आणि प्रोसेसरला, म्हणजे यंत्राच्या डोक्याला, न तापता वीज पुरवायची. ते जमलं की त्यापुढचे पैसे दिव्यांचे. पण तेवढंही जमलं नाही तर भारीतलं कार्ड असून नसल्यासारखं. आणि तुमचा पडदा दाखवू शकेल त्यापेक्षा दांडगं कार्ड घेऊनही उपयोग नाही. शंभर असतील तर चाळीस कार्डावर घाला, बारा-तेरा बोर्डावर, उरलेले बाकीच्यांत वाटा, आणि वीज पुरवणाऱ्या डब्यावर हात आखडू नका. पुलावर तुमचा त्यानंच घात केला.

दादा, मला स्वतःचीच लाज वाटली. माझ्याकडे गिऱ्हाईक भारी कापड आणतं आणि चेन स्वस्तातली लावायला सांगतं, तेव्हा मी त्याला तासभर ऐकवते. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा एकदा नुसती चेन घेतली आणि एकदा नुसतं कापड! (दुसऱ्यांदा परतीचा मोबदला म्हणून दुकानदाराच्या लग्नातला कोट ढिला करून द्यावा लागला. बराच ढिला.)

तिसरं यंत्र बाईंनी माझ्यासमोर जोडलं. बोर्ड साधा, दिवे नाहीत, पण वीज येते त्या जागी तापू नये म्हणून चांगले जाड पत्रे. कार्ड मधलं. झाकण लागलं! आणि घरी आल्यावर हे जे बसले ते अडीच तास उठले नाहीत, यंत्र तापलं नाही की अडखळलं नाही. उतरून म्हणाले काय, तर "तिसरा थांबा चुकीच्या जागी बांधलाय." मी देवापुढे नाही, त्या खोक्यापुढे हात जोडले.

आता खरी गंमत ऐक. गेल्या रविवारी सकाळी या खेळातल्या ड्रायव्हर लोकांची इंटरनेटवर मोठी फेरी होती, सगळे आपापल्या घरून, माइकवर बोलत. चौतीस बसगाड्या, एकामागोमाग एक, बर्फातला घाट. हे नवखे म्हणून म्होरक्यांच्या नजरेखाली, सातव्या नंबरावर. उतारावर पुढचा म्होरक्या घसरला, त्याच्यावर दुसरा, असे सहाही जण एकमेकांत घुसले. हे अंतर राखून होते. शांतपणे गाडी कडेला घेतली, इशाऱ्याचे दिवे लावले, आणि आजवर त्या माइकमध्ये ब्र न काढलेला माणूस बोलला, "मागच्यांनी घाबरायचं नाही. दुसरा गिअर. ब्रेकला हात... पाय लावायचा नाही. माझ्यामागून या." आणि सत्तावीस बसगाड्या यांच्यामागून घाट उतरल्या, दादा! मी मागे उभी होते. सपाटीला लागल्यावर यांनी डाव्या आरशाकडे बोट केलं. "मोज," म्हणाले. आरशात दिव्यांची रांग पार वरच्या वळणापर्यंत दिसत होती. मी मोजले. एकही कमी नव्हता. आता सगळे यांना उस्ताद म्हणतात, आणि हे संध्याकाळी खिडकीतून गल्लीतल्या गाड्यांवर इतक्या मोठ्यानं शेरे मारतात की काल एकानं वर येऊन भांडण केलं. मी त्याला चहा पाजला. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पाठीला जप.

तुझीच,
धाकटी

ता. क. मदरबोर्डाचं मनाला लावून घेऊ नकोस. इमारतींच्या बाबतीत तुझा शब्द अजून शेवटचा.

आणखी एक. दुपारी हे झोपले की मीही त्यांच्याच नावानं थोडी चालवते. खेळात उस्तादांच्या नावापुढे अपघातांचा आकडा असतो, तो शून्य होता (नोकरीतही शून्यच, डेपोनं तसं लिहून दिलंय). आता तो सात आहे. तीन दिव्याचे खांब, दोन दुकानं, एक कारंजं आणि एक पेट्रोल पंप, तो मात्र पुरता. यांनी परवा पाहिलं. तेव्हापासून ब्रेक तपासताहेत, आणि मला विचारलं तर मी म्हटलं, यंत्रातच काहीतरी असेल.

शेवटचं, आणि याचसाठी एवढा कागद खर्ची घातला. तू यांना फोन कर आणि तुझ्या त्या पायाभरणीच्या आवाजात सांग, की मदरबोर्ड हलका घेतला की आकडे असे आपोआप चढतात. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे. मी चारचौघांत कबूल करीन की दादाचंच बरोबर होतं. फक्त नवा बोर्ड घ्या असं चुकूनही म्हणू नकोस, आणि फोन दोन ते चार करू नकोस. त्या वेळी मी घाटात असते.