उत्तर कुणी दिलं

झाशी, ११ फेब्रुवारी १९९६

ती. स्व. बकुळाताईस, शि. सा. न. वि. वि.

धाकट्या भावाला शाबासकी दे बघू! कर्करोगाचे दवाखाने रोग्यांना कसं सांभाळतात, हे मोजायला लखनौहून दोन डॉक्टर माझ्या दवाखान्यात आले होते. माझ्या कपाटातले तीस केसपेपर काढून त्यांनी एकेक गोष्ट तपासली. गाठीचे अहवाल उशिरा येतात, तिथं मी नापास. पण दर खेपेला दुखण्याबद्दल विचारलं का, या रकान्यात तीसपैकी तीस!

त्या तिसांत आपल्या आईचाही पेपर निघाला. तू तिला बसनं घेऊन यायचीस त्या सातही खेपांना माझ्या अक्षरात ‘दुखत नाही’. वाचून जिवाला बरं वाटलं गं. ती गेल्यापासून वर्षभर मला एकच खात होतं, की मी कुठे कमी पडलो का. निदान तिला यातना तरी झाल्या नाहीत. तो पेपर मी आता दवाखान्यात नव्या माणसांना दाखवतो, असं काम करा म्हणून.

वर्षश्राद्धाला येतोच. रघुनाथराव भावोजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दिवाकर

मऊरानीपूर, १७ फेब्रुवारी

चि. दिवाकरास, अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. शाबासकी लिहायला बसले आणि दोन कागद फाडले. गप्पच राहिले असते, पण तो पेपर तू लोकांना दाखवतोस म्हणालास, म्हणून लिहिते.

आईला दुखत होतं रे. फार दुखत होतं. तू विचारायचास ते माझ्याकडे बघून, दवाखान्यातल्या सवयीनं हिंदीतच, की माँजींना दर्द तर नाही ना. आणि मी म्हणायचे, नाही, ठीक आहे. थोरांचं सोबतच्यानंच सांगायचं, ही आपल्याकडची रीत. शिवाय आई पदराआडून माझा हात दाबायची. दिवाकरला कळलं तर तो जेवायचा नाही, असं तिनं बजावलं होतं. घरी आल्यावर ती कळवळायची आणि मी नुसती पाठ चोळत बसायचे. तुझ्याकडे औषध होतं का रे?

मला हवं तेवढं बोल, पण अबोला धरू नकोस. आशीर्वाद तर जन्माचे आहेत.

तुझी,
बकुळाताई

झाशी, ३ मार्च

ती. स्व. ताईस, शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिणं झालं नाही. औषध होतं, ताई. मागच्या कपाटातच होतं.

तुला काय बोलू? आई समोर बसलेली, आणि मी विचारत होतो तुला. तिच्या पेपरवर ‘दुखत नाही’ खोडून ‘रोग्याला विचारलं नाही’ असं सातदा लिहिलं. लखनौला कळवलं, की माझे तीस धरू नका. बाकीच्या एकोणतिसांची उत्तरंही कुणी दिली, मला सांगता येत नाही. आता नवा रकाना आखलाय: उत्तर कुणी दिलं.

परवा समथरच्या एक बाई आल्या. नवरा म्हणाला, सब ठीक है. त्याला बाहेर बसवलं, स्टूल ओढून बाईंसमोर बसलो आणि विचारलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, रोज पिरात है, म्हणजे दुखतं, चार महिन्यांपासून. लगेच औषध दिलं. त्या गेल्यावर दार लावून रडलो.

येतोय. तुझे गुडघे कसे आहेत ते तूच सांगायचं, रघुनाथरावांनी नाही. जीव लावतेस तसाच लावत राहा. आणि आईला कुठे दुखायचं, किती दुखायचं, ते सगळं सांग. मी आता विचारतोय.

तुझा,
दिवाकर