फुली मारलेलं पिंप

प्रिय चिमणे,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस, त्याचं मागाहून सांगते. मी धडधाकट आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तर तुझ्या जन्माआधीपासून. सकाळपासून माझं बूड एका जागी टेकत नाही. चार ओळी लिहिते की चालले बागेत. द्राक्षं पिवळसर व्हायला लागलीत, आणि वारा असा सुटलाय की वाऱ्यापासून जपायला खड्ड्यांत लावलेल्या वेलींवर सारखी राख उडतेय. डोंगराने कधीकाळी ओकलेली ही काळी राख. हिच्यात साधा पाला धड उगवत नाही, पण पांढरी वाइन अशी निघते की घोट गिळल्यावर जिभेवर दगड चाटल्यासारखं वाटतं. तुला काय सांगायचं म्हणा, लहानपणी तू खरंच दगड चाटायचीस आणि आईचे धपाटे खायचीस.

तर ऐक. गेल्या साली तू म्हणालीस, तोडणी आठ दिवस आधी करा, आंबटपणा राहू द्या, तोच ह्या मातीचा जीव. तुझा बाबा म्हणाला, चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवतेस? तू बॅग उचललीस. त्याने हट्टाने द्राक्षं पार गोड होईस्तोवर ठेवली. पण तू गेलीस त्याच दुपारी मी भिंतीकडच्या दोन ओळी गुपचूप तोडल्या. विचारलं तर म्हटलं, पाखरांनी खाल्ली. दोन ओळी फस्त करणारी पाखरं केवढी असतील, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही बाई. रस लहान पिंपात भरला आणि वर खडूने फुली मारली, म्हणजे आतली वाइन आंबून व्हिनेगर झालीय असं. फुलीच्या पिंपातलं आपल्या घरात कोणी चाखत नाही, तुला ठाऊकच आहे.

परवा तुझ्या आईने तांब्याचं पातेलं घासायला त्यातलं वाटीभर काढलं. वास काही व्हिनेगरचा येईना. बोट बुडवून चाटलं आणि पायरीवर बसलीच ती. मग बाबाला हाक. त्याने एक घोट घेतला, खिडकीकडे तोंड केलं, दुसरा घेतला. वाटी रिकामी झाल्यावर मला म्हणाला, आई, ही पाखरं कुठली होती गं? मी म्हटलं, त्यातलं एक तूच उडवून लावलंस.

तेव्हापासून त्याच्या पायाला भिंगरी. तोडणीची माणसं रोज दारात येतात, हा म्हणतो उद्या सांगतो. मला दोनदा विचारलं, पोरीने नेमकं काय बघून दिवस ठरवला होता? तू द्राक्षातली बी चावून दाखवली होतीस, सगळं आठवतंय मला. पण म्हटलं, म्हातारीला काय कळतंय, तिलाच विचार. तो काही लिहायचा नाही, मान ताठ, माझ्यावरच गेलाय. काल मी पाकीट घेऊन बसले, तर म्हणाला, तुझं अक्षर पोस्टमनला लागायचं नाही, आण इकडे. मी तुझ्या पत्त्याचा कागद शोधायला उठले. परत आले तर पत्ता लिहून झालेला, घरनंबरासकट. द्राक्षं आणखी सहा दिवस थांबतील, चिमणे. त्यापुढे नाही.

दोन ओळींची चोर,
तुझीच आजी