दोन एकरांचा डायोड

धारूर,
१९ मार्च २०१३

ती. महादेवीअक्कास गंगासागरचा वाकून नमस्कार.

होस्टेलच्या मागच्या पायऱ्यांवर रविवारी दुपारी आपण दोघी कॅनव्हासच्या बुटांना पांढरं लावत बसायचो, ते काल उगीच आठवलं. डबी एक, फडकं एक, बूट चार. माझेही तूच रंगवायचीस, कारण बोलण्याच्या नादात मी बुटाऐवजी मोजा रंगवायचे. सिस्टर खिडकीतून एकदा डोकावायच्या, ऊन एक पायरी खाली उतरायचं, बस्स. काहीच न घडलेल्या त्या दुपारी इतक्या स्पष्ट का आठवतात, आणि काल चष्मा कुठे ठेवला ते का आठवत नाही, हे मला कोणीतरी सांगावं.

तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? थेंब वेळेवर घालतेस ना? (अक्षर बारीक झालंय, दोन दिवसांत मिळून वाच.) आम्ही मजेत आहोत. पाऊस नाही, नळ नाही, दोन दिवसांआड टँकर, बाकी सगळं क्षेम. हे दुकानात बसतात आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतःशीच भाव करतात. परवा म्हणे हरले.

आता मुद्द्यावर येते. माझी पीएच.डी. तुला माहीतच आहे. तीस वर्षं कॉलेजात फळ्यावर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा इवलासा तुकडा गं) काढला, पण त्याच्या पोटात नेमकं काय चालतं ते निवांत बघायचं राहून गेलं, म्हणून रिटायर व्हायच्या आधी नाव नोंदवलं. (माझे मार्गदर्शक बीडचे बिभीषण सर. सर माझेच जुने विद्यार्थी. त्यांना मी एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता ते माझ्या प्रकरणांवर लाल पेनने जे काही करतात त्यावरून ते विसरले नाहीत असं दिसतं.) डायोड फोडून बघता येत नाही. म्हणून तो कॉम्प्युटरमध्ये मांडायचा, त्याच्यावर बारीक चौकटींची जाळी टाकायची, आणि प्रत्येक चौकटीत किती विद्युतभार आले, किती गेले याचा मेळ घालायचा. हे विद्युतभार दोन कारणांनी हलतात. एक म्हणजे दाटीतून विरळ जागेकडे पसरतात, आणि दुसरं म्हणजे आतला विद्युतदाब ढकलेल तिकडे जातात. गंमत अशी की तो दाब त्यांच्याच असण्याने तयार होतो. म्हणजे आमच्या दूध सोसायटीच्या सभेसारखं. सगळे चेअरमनच्या चेहऱ्याकडे बघून बोलतात आणि चेअरमनचा चेहरा सगळ्यांचं ऐकून बदलतो. आधी एक चेहरा गृहीत धरायचा, बोलणं काढायचं, त्यावरून चेहरा सुधारायचा, पुन्हा बोलणं काढायचं. दोन्ही बदलायचे थांबले की ठराव पास. माझा ठराव कधीकधी दोन दोन दिवस पास होत नाही. एकदा तर एका चौकटीत शून्यापेक्षाही कमी इलेक्ट्रॉन निघाले, तेव्हा मी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून झोपले.

घरी बारा तास लाइट नसते. सोसायटीत दूध थंड ठेवायला जनरेटर आहे, म्हणून मी चेअरमन सुंदररावांकडून तिथला कॉम्प्युटर मागून घेतला. बदल्यात सोसायटीची इंग्रजी पत्रं मी लिहून देते. याच सोसायटीने गावाबाहेर दोन एकर रानात जनावरांची चारा छावणी घातली आहे. तीनशे चाळीस जनावरं. चारा होता, पाणी नव्हतं. बोअरला पाणी लागलं तर छावणी चालणार, नाही तर बंद. बोअरची गाडी मोठ्या वशिल्याने एका दिवसासाठी मिळालेली. नेमकी जागा कुठे, ते सांगा म्हणून सोसायटीने एका सरकारी ऑफिसला नऊ महिन्यांपूर्वी अर्ज केला होता. (इंग्रजीत, मीच. फार सुंदर झाला होता. उत्तर नाही.)

गाडी यायच्या दिवशी सकाळी माझा ठराव अखेर पास झाला. मी रंगीत चित्र छापायचा हुकूम दिला आणि भाकरी टाकायला घरी आले. सोसायटीचं छपाईयंत्र फार विचार करून छापतं. इकडे माझी तिसरी भाकरी फुगत असताना तिकडे सुंदरराव, सेक्रेटरी बंकट आणि सगळे सभासद जागा ठरवायला जमलेले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, यंत्राला कोणी हात न लावता, एक रंगीत कागद सरसर बाहेर आला. मधोमध उभा निळाशार पट्टा. दोन्ही बाजूंना लाल.

नऊ महिने वाट बघितलेल्या माणसांना आणखी काय हवं? रिपोर्ट आला! बंकटने कागदाखालचं माप वाचलं, शून्य ते दोन. पुढचं मायक्रॉनचं चिन्ह आमच्या यंत्राला येत नाही, तिथे नुसती चौकट उमटते. छावणीचं रान बरोबर दोन एकर, मग प्रश्नच मिटला. कडेच्या दोन काळ्या रेघा (त्या धातूच्या पट्ट्या गं, तारा जोडायच्या) म्हणजे एक डांबरी रस्ता आणि दुसरी ओढा. केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा माझा डायोड त्यांनी पावलं टाकत मोजला आणि निळ्या पट्ट्याच्या मधोमध चुन्याची फुली मारली.

मी परत गेले तर कॉम्प्युटर गार, यंत्र रिकामं, आणि ऑफिसात फक्त मांजर. रस्त्यावर बातमी कळली. अक्का, मी एकोणसाठाव्या वर्षी पळाले. पदर खोचून, एका पायात माझी आणि एका पायात यांची चप्पल. पोचले तेव्हा एकशे ऐंशी फूट झाले होते आणि भोकातून नुसता पांढरा फुफाटा उडत होता. सगळी छावणी पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी.

"सुंदरराव, थांबवा!" मी ओरडले. "हा जमिनीचा नकाशा नाही, माझा डायोड आहे!"

"असंल की," ते म्हणाले. "पर निळं हाय ना?"

आणि इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली, तीच चूक. मी म्हटलं, निळा म्हणजे सगळ्यात विरळ. दोन बाजूंचे विद्युतभार समोरासमोर आले की एकमेकांना संपवतात आणि मधला पट्टा ओसाड पडतो. या पट्ट्यात कोणी राहत नाही. दाटी लालमध्ये.

बंकटने फुफाट्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "म्हंजी निळ्यात कायबी नसतंय," तो हळूच म्हणाला, "आन् इथंबी कायबी न्हाई. चेअरमन, नकाशा तर खरा हाय की!"

मी हात जोडले, शपथ घातली, केसाची जाडी सांगितली. "मॅडम लई नम्र हायत," एवढंच माझ्या वाट्याला आलं. सुंदररावांनी विचारलं, लाल तर दोन्हीकडं हाय, कंचा? मी सांगत नव्हते. तेव्हा केसरबाई पुढे आली. तिची एकच म्हैस, गाभण, आणि बाई स्वतः काडीसारखी झालेली. "बाई, तुमच्या शाळंतलं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्या म्हशीनं कुठं तोंड घालायचं तेवढं सांगा. गाडी चालली."

गाडीवाला खरंच पाइप आवरत होता. मी म्हटलं, डावा लाल जास्त गडद आहे. (तो आहेच. तिकडे मी विद्युतभार वाढवणारी मिसळण दहापट धरली आहे.)

आणि अक्का, तिथे दोनशे साठ फुटांवर पाणी लागलं! आधी चिखल, मग असा फवारा की बंकटची टोपी वर गेली ती खाली कुठे पडली ते अजून कळलेलं नाही. म्हशी हंबरायला लागल्या, बाया हसत हसत भिजल्या, सुंदररावांनी गाडीच्या टपावर चढून माझ्या नावाने आरोळी ठोकली, आणि मी, तीस वर्षं अंधश्रद्धेवर भाषणं केलेली बाई, चिखलात उभी राहून लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होते. चित्राला हार घालून ते सोसायटीत टांगलंय. धर्मापुरीहून एक गृहस्थ चार नारळ घेऊन आले होते. मी त्यांना दाब आणि दाटीचं समीकरण सांगितलं, ते त्यांनी हात जोडून ऐकलं आणि नारळ ठेवून गेले. नारळाची चटणी चांगली झाली.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याला जे लागू असेल ते.

तुझी,
गंगासागर

ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, एक फक्त राहिलं. पाणी अकरा दिवस आलं. बाराव्या दिवसापासून बोअर नुसता खोकतो. सुंदररावांनी गाडी पुन्हा बोलावली आहे, येत्या सोमवारी. ही शेवटची, मग ती दुसऱ्या तालुक्यात जाते. रविवारपर्यंत त्यांना माझ्याकडून नवीन चित्र हवंय. मी नाही म्हटलं तर हसतात. केसरबाईची म्हैस या महिन्यात विणार.

ता. क. २. म्हणून हे पत्र. फोनची रेंज फक्त सोसायटीच्या गच्चीवर येते आणि तिथे सगळे ऐकतात, तेव्हा एसटीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. चन्नप्पा दाजींनी भूजल खात्यात जन्म घालवला, त्यांना जमीन वाचता येते. त्यांना शनिवारी त्यांच्या यंत्रासकट इकडे पाठव. पुरणपोळीला बोलावलंय असं सांग, नाही तर रिटायर माणसं कारणं काढतात. ते रान फिरून खराखुरा नकाशा काढून देतील. एकच विनंती, पाणी असेल तिथे त्यांनी लाल रंग भरावा. त्यांच्या शास्त्रात निळा भरतात हे मला ठाऊक आहे, पण आमच्या गावात आता निळ्यावर कोणाचा विश्वास राहिलेला नाही.

ता. क. ३. सोबत सीडी आहे, तिच्यातलं डायोडचं चित्र तुमच्याकडे रंगीत छापून घे, इथे आता मला काही छापायची सोय नाही, बोअरची गाडी मागे लागते. दाजींच्या पिशवीत दोन पाकिटं ठेव. डायोडचं पाकीट बिभीषण सरांना, दाजींनी बीडच्या स्टँडवर उतरून त्यांच्याच हातात द्यावं. दुसरं कोरं राहू दे. त्यात इथे काढलेला नकाशा घालून तो सुंदररावांना द्यायचा, वर माझं नाव चालेल. नारळ तीन उरलेत, ते परत येताना तुला. केसरबाईला कागद नको, ती वाचत नाही. तिला दाजींनी हाताला धरून जागेवर न्यावं, आणि पाणी नसेलच कुठे, तर तेही आधी तिला सांगावं, मग मला, आणि सुंदररावांना सगळ्यात शेवटी.